गोडाचं मी बघतो

“गोडाचं मी बघतो,” असं मी शनिवारी सकाळी आरशासमोर, अर्ध्या गालाला साबण असताना म्हणालो. अर्ध्या गालाला साबण असताना माणसाने कुठलंही आश्वासन देऊ नये. पण स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज सकाळपासून चढत चालला होता, “संध्याकाळी सातला ताई आणि डॉक्टर येणार, मला हात दोनच आहेत, आणि गोडाचं अजून काही म्हणता काही ठरलेलं नाही!” अशा वेळी घरातला कर्ता पुरुष गप्प कसा बसणार?

आत एक भांडं पडलं. (ते आपोआप पडलं, असं तिने नंतर सांगितलं. मी विश्वास ठेवला.)

ती दारात आली. “म्हणजे विकत आणणार ना?”

“विकत? छे! करणार. स्वतः. या हातांनी.”

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. एका हातात रेझर होता आणि दुसऱ्याने मी कान पुसत होतो.

“अहो, आज कोण येतंय, का येतंय, हे लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. ते विसरण्याची सोयच नव्हती, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ मी होतो. (घरातल्या बऱ्याच प्रकरणांचं मूळ शोधत गेलं की वाट माझ्यापाशी येऊन थांबते.)

ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण आणि डॉक्टर म्हणजे तिचा नवरा, माझा साडू. तो दातांचा डॉक्टर. माझ्या वरच्या डाव्या दाढेवर त्याने स्वतःच्या हाताने एक कॅप बसवली होती आणि बसवताना म्हणाला होता, “आता ही तुमच्याबरोबरच जाईल.” पंधरा दिवसांतच ती हलायला लागली. आता ही गोष्ट मी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगायला हवी होती, हे मान्य. पण झालं असं, की सासऱ्यांच्या वाढदिवसाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं. बोलण्याआधी कुणीतरी माझ्या हातात चॉकलेट ठेवलं, ते मी तोंडात टाकलं, कॅप जागची सरकली, आणि मी समोरच बसलेल्या साडूला म्हणालो, “अहो डॉक्टर, तुमची कॅप हलतेय हो!”

माईक चालू होता.

हॉलमध्ये चाळीस माणसं होती. त्यातली सहा त्याचे पेशंट होते. सहाही जणांची जीभ एकदम आपापल्या गालात फिरू लागली, हे मला स्टेजवरून स्पष्ट दिसलं. साडू उठला आणि म्हणाला, “माझी कॅप हलत नाही. तुमची जीभ हलते.” आणि निघून गेला. मागोमाग ताई गेली.

त्यानंतर अकरा महिने दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. तुम्ही म्हणाल, त्यात तुमचं काय गेलं? अहो, या दोघी रोज दुपारी फोनवर तासभर बोलायच्या. तो तास बंद झाला म्हणून बोलणं थोडंच बंद होतं? ते साठून राहायचं आणि मी ऑफिसमधून आलो की बूट काढायच्या आत माझ्यावर यायचं. पण खरं सांगू का, मला त्याचंही काही नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला ती फोनकडे बघते आणि मग फोनची जागा बदलून ठेवते, हे मी एका सुट्टीच्या दिवशी पाहिलं होतं. ते काही मला बघवलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन तिच्या पर्समध्ये चुकून दाबला गेला. इकडून हिने “हॅलो” म्हटलं. तिकडून बऱ्याच वेळाने “हॅलो” आलं. मग चार मिनिटं कुणीच काही बोललं नाही आणि फोनही कुणी ठेवला नाही. शेवटी ताई म्हणाली, “बरी आहेस?” झालं. पुढचं सगळं रडणं. त्यातून आजचं जेवण ठरलं होतं, आणि मला एकच अट होती. दात, दाढ, कॅप, जबडा, यातला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही. कॅप तर काढायचीच नाही. (ती मी अजून सांभाळून होतो. जिभेने दिवसातून दहा वेळा हजेरी घ्यायचो. हलायची, पण हजर असायची.)

“सगळं लक्षात आहे,” मी म्हणालो. “म्हणूनच गोड माझ्या हातचं असलं पाहिजे. मी स्वतः राबलो हे पाहून डॉक्टर निम्मे तिथेच विरघळतील.”

हा मुद्दा तिला पटला असावा, कारण ती काहीच बोलली नाही. (न बोलण्याचे इतरही अर्थ असतात, पण मी आशावादी माणूस आहे.)

आता माझ्या आत्मविश्वासाबद्दल थोडं सांगायला हवं. मी लिफ्ट तपासनीस आहे. इमारतींमध्ये जायचं, लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं तपासायची आणि पास-नापास लिहून सही करायची, हे माझं काम. बावीस वर्षांत मी पास केलेली एकही लिफ्ट पडलेली नाही. (अडकल्या आहेत. अडकणं वेगळं.) ज्याच्या सहीवर शेकडो माणसं रोज बाराव्या मजल्यावर जातात, त्याला चार फळं तळणं काय जड आहे?

आणि काय करायचं तेही माझं ठरलेलं होतं. गेल्या मंगळवारी एका इमारतीत मी तपासत असतानाच लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. मेकॅनिक आणि मी, आत दोघंच. वेळ जावा म्हणून मी फोनवर एक व्हिडिओ लावला. एक बाई अननसाच्या चकत्या, केळ्याचे तुकडे, सफरचंदाच्या फोडी पातळ पिठात बुडवून तेलात सोडत होती. दोन मिनिटांत सोनेरी तुकडे बाहेर. वर मध, बाजूला आइस्क्रीम. मग तिने एक तुकडा खाल्ला आणि त्याचा ‘कुर्रम’ असा आवाज बंद लिफ्टमध्ये घुमला. मेकॅनिक माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, “साहेब, हे एकदम सोपं आहे.” तज्ज्ञाचं मत मिळालं होतं. (लिफ्टबद्दलही तो हेच म्हणाला होता, आणि आम्ही तासभर आत होतो. पण हा विचार मला शनिवारी रात्री सुचला.)

“चार ते साडेपाच स्वयंपाकघर तुमचं,” बायको म्हणाली. “साडेपाचला मला ते जसंच्या तसं परत हवंय.”

चारला मी अॅप्रन बांधून आत शिरलो. मैदा, कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ, बेकिंग पावडर आणि बर्फाचं पाणी. पीठ भिजवलं. फळं धुतली, कापली. तेल तापलं. अननसाची पहिली चकती मी मोठ्या ऐटीत आत सोडली.

धुतलेलं फळ पुसावं लागतं, हे त्या बाईने सांगितलं असेलही. त्या वेळी बहुधा मेकॅनिक वरच्या मजल्यावरच्या लोकांना हाका मारत होता. तेलाने असा काही कडकडाट केला की मी एका उडीत फ्रिजचं दार उघडून त्याच्या मागे गेलो आणि वरच्या कप्प्यावरून युद्धभूमी न्याहाळली. आवाज ओसरल्यावर मोठं झाकण ढालीसारखं धरून पुढे सरकलो. कढईत अननस एका बाजूला तरंगत होता आणि त्याचं आवरण दुसऱ्या बाजूला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटतच नव्हतं.

“काय झालं हो?” बाहेरून आवाज.

“ट्रायल!” मी म्हणालो.

मग मी फळं पुसली. केळी घेतली. केळी चांगली पिकलेली, जरा जास्तच पिकलेली होती. या वेळी आवरण अगदी उत्तम बसलं, सुंदर फुगलं, पण काढून फोडून पाहिलं तर आत काहीच नव्हतं. केळं विरघळून एका भोकातून केव्हाच तेलात उतरलं होतं.

दुसरा कुणी असता तर इथे हरला असता. मी मात्र विचार केला. दोष फळाचा नव्हता, आवरण कमजोर होतं. लिफ्टचा दोर जेवढं वजन प्रत्यक्ष येणार त्याच्या कितीतरी पट पेलेल असाच घेतात. मग पिठालाच हा नियम का नको? मी त्यात आणखी मैदा घातला. आणखी कॉर्नफ्लोअर. मग तांदळाची पिठी सापडली, तीही घातली. चमचा उभा राहिला तेव्हा थांबलो. केळी बाद केली, अननस आणि सफरचंद ठेवलं. एकदा तळून काढायचं, गार करायचं, पुन्हा तळायचं. डबल सेफ्टी.

पहिला तुकडा असा काही झाला म्हणून सांगू! रंग सोन्याचा, आकार जसाच्या तसा. चिमट्याने ताटलीवर ठेवला तर ताटली वाजली. मी तो फुंकून तोंडात टाकला आणि चावलो.

आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. “काय फुटलं?” बायको ओरडली.

मी पिठाच्या भांड्यावर वाकलेलो होतो, तोंड भरलेलं होतं, मन अभिमानाने भरलेलं होतं. तसाच ओरडलो, “काही नाही! कुरकुरीत झालंय!”

‘कुरकुरीत’ हा शब्द भरल्या तोंडाने उच्चारून पाहा, म्हणजे तो किती धोक्याचा आहे ते कळेल. समोरच्या पिठात काहीतरी डुबुक करून पडलं. तुकड्याचाच कपचा असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं, पीठ चांगलं खालीवर ढवळलं आणि उरलेल्या सगळ्या फोडी त्यात घोळून तळल्या. एकूण सोळा. भांडं बोटाने निपटून घेतलं. काही वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

साडेपाचला बायको आत आली, ती भांडायच्या तयारीनेच. मग तिने ताट पाहिलं. सोळा तुकडे, वर मधाची धार, कडेने सफरचंदाच्या पातळ चकत्या.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “दिसायला अगदी विकतच्यासारखं झालंय.”

आणि तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तशा नजरेने तिने मला याआधी शेवटचं केव्हा पाहिलं ते आठवायला मला लग्नाचा अल्बम काढावा लागला असता. ताट तिने स्वतः उचललं आणि जेवणाच्या टेबलावर अगदी मधोमध नेऊन ठेवलं.

मी शीळ घालत भांडी घासायला घेतली. सवयीने जीभ हजेरी घ्यायला गेली.

कॅप गैरहजर होती.

मी नळ बंद केला. जीभ पुन्हा फिरवली. वर, डावीकडे, मागून दुसरी. तिथे नुसता एक खुंट. आणि मग कानात तो डुबुक आवाज पुन्हा वाजला.

तेल गाळून पाहिलं. नाही. सिंकची जाळी काढून पाहिली. नाही. म्हणजे एक तर ती माझ्या पोटात होती, नाहीतर त्या सोळांपैकी एका तुकड्याच्या आत, दोनदा तळलेली. मी किचनचा वजनकाटा काढला आणि चोरपावलांनी टेबलाकडे गेलो. पण अननसाच्या प्रत्येक तुकड्याचं वजन वेगळं, त्यात कॅपचं काय कळणार? ठोकून पाहिलं तर सगळेच्या सगळे दातासारखे वाजत होते.

फेकून द्यावेत? बायकोची ती नजर आठवली. फोडून बघावेत? सोळा फुटके तुकडे तिला काय म्हणून दाखवणार? तिला खरं सांगावं? पाहुणे यायला थोडाच वेळ होता, ती आरशासमोर बसून ताईने कधीतरी दिलेले कानातले घालत होती, आणि आज ‘कॅप’ हा शब्द उच्चारायचा नव्हता.

मी ठरवलं. सगळे तुकडे आपणच खायचे. निर्णयक्षमता ही माझ्या खात्याची शिकवणच आहे.

बेल वाजली.

ताई आत आली, साडू मागे. दोघी बहिणी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. “पडदे बदललेस?” ताई म्हणाली. “हो,” ही म्हणाली. पडदे पाच वर्षांपूर्वीचे होते. साडूने माझ्याशी हात मिळवला, तो असा की जणू हातमोजा घातलाय.

जेवण सुरू झालं. बायको वाढत होती, ताई “पुरे, पुरे” म्हणत होती. मी फक्त उजवीकडून चावत होतो. गार पाण्याचा एकच घोट घेतला आणि उघड्या दाढेतून अशी कळ गेली की मी खुर्चीवरून चार बोटं वर उडालो.

“काय झालं?” साडूने विचारलं. नजर माझ्या गालावर.

“ठसका.”

“ठसक्याला माणूस खोकतो.”

मी खोकलो.

थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “डावीकडून खात नाही तुम्ही.”

“आज उजवीकडे लक्ष द्यायचं ठरवलंय,” मी म्हणालो. बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. अकरा महिने दबलेली सगळी ताकद त्या टाचेत होती.

मग तिने ते ताट पुढे ओढलं. तिचा चेहरा उजळला होता. “ताई, हे सगळं यांनी केलंय. एकट्यांनी. मी हात लावला नाही.”

“भाऊजींनी?” ताई पहिल्यांदाच मोकळेपणाने म्हणाली. “बघू तरी!” आणि तिने काटा उचलला.

“थांबा!” मी म्हणालो. “आधी मी.”

मी एक तुकडा उचलून तोंडात टाकला. उजवीकडून, मोठ्या कष्टाने फोडला. नव्हती. “छान आहे,” मी म्हणालो आणि दुसरा उचलला. नव्हती. तिसरा.

“अहो, पाहुण्यांना द्या ना!” बायको म्हणाली.

“हा जरा जास्त तळलाय,” मी चौथा उचलत म्हणालो. “हा पाहुण्यांना कसा द्यायचा?”

साडूने एका तुकड्याकडे हात नेला. तो मी त्याच्या बोटांखालून काढून घेतला. “याचा आकार बरोबर नाही.” ताईने काटा एकात खुपसायचा प्रयत्न केला. काटा घसरला, तेवढ्यात तोही मी उचलला. सहा झाले होते आणि माझा जबडा बंडाच्या तयारीत होता. खाऊन हे संपायचं नाही हे उघड झालं. मी सुरी घेतली.

“हे कापून खायची पद्धत आहे,” मी जाहीर केलं. “मी प्रत्येकाचे चार भाग करून देतो. आत नीट बघून.”

“आत काय बघायचंय?” साडू म्हणाला.

“शिजलंय का ते.”

सुरी ठेवून मी जोर लावला. सुरी निसटली, तुकडा ताटातून उडाला, दिव्याला लागला आणि तिथून ताईच्या पेल्यात पडला. पाणी तिच्या अंगावर, मध साडूच्या शर्टवर. पेल्याला तडा गेला. तुकडा अखंड होता.

मग ताईने काटा खाली ठेवला, रुमालाने मान पुसली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, “चला हो. आपल्याला जेवायला बोलावलं होतं की हे खाताना बघायला, तेच कळत नाहीये मला.”

ती उठली. साडू उठला. माझी बायको बसूनच होती. ती माझ्यावर ओरडली असती तर मला चाललं असतं. पण ती ओरडली नाही. तिने फक्त कानातले हाताने चाचपले आणि ताटाकडे बघत राहिली. बावीस वर्षांत मी बऱ्याच मालकांना तोंडावर ‘नापास’ म्हणून सांगितलंय, पण स्वतःबद्दल तसं सांगायची वेळ कधी आली नव्हती.

“ताई, बसा,” मी म्हणालो. “यातल्या एका तुकड्यात माझा दात आहे.”

ताई उभी होती तशीच राहिली.

“कुठला?” साडूने विचारलं.

“तुमचाच. पीठ ढवळताना पडला. म्हणजे मीच पाडला, कुणाचा काही दोष नाही. आवरण जरा जास्त मजबूत झालंय. तुमच्यापैकी कुणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून मी खात सुटलो. कॅप उत्तम होती, डॉक्टर. तिला काही म्हणू नका. जे म्हणायचं ते मला म्हणा.”

साडू खाली बसला. त्याने चष्मा काढला, त्यावरचा मध पुसला, पुन्हा घातला. मग ताटाकडे बघत म्हणाला, “उत्तम नव्हती.”

“असं कसं? तुम्हीच तर म्हणाला होतात—”

“म्हणालो होतो. बसवतानाच मला कळलं होतं की माप जरा सैल आलंय. पुन्हा करायला हवी होती. पण घरचा माणूस समोर बसलेला, त्याच्यासमोर चुकलं कसं म्हणायचं? वाटलं, चालेल. मग तुम्ही माईकवर ओरडलात. खोटं बोलला असतात तर एवढा राग आला नसता हो.”

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. “म्हणजे अकरा महिने तुम्हाला माहीत होतं?”

“तेरा महिने.”

“आणि मी अकरा महिने हिच्याशी—” तिने माझ्या बायकोकडे पाहिलं, हिने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडणार. पण ताईची नजर फुटलेल्या पेल्यातल्या अखंड तुकड्यावर गेली आणि तिच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. मग हिच्या. मग दोघी अशा हसायला लागल्या की टेबल हलायला लागलं. हसता हसता ताई येऊन हिच्या शेजारच्या खुर्चीत बसली, आणि मग थोडं रडणंही झालं, पण ते त्यातच मिसळून गेलं.

“चला,” साडू बाह्या सरसावत म्हणाला. “कॅप शोधायची. अडकित्ता, हातोडी, काय असेल ते आणा.”

माझ्या पेटीतला लहान हातोडा आला. त्याने एकेक तुकडा नॅपकिनात गुंडाळून, हलक्या हाताने, डॉक्टरच्या सफाईने फोडायचा. मी आत टॉर्च मारायचा आणि “पास” म्हणायचं. पास झालेला तुकडा दोघी बहिणींकडे. त्या कवच बाजूला सारून आतलं मऊ फळ आइस्क्रीमबरोबर खात होत्या आणि बोलत होत्या. अकरा महिन्यांत कोण आजारी पडलं, कोणाचं ठरलं, कोणाचं मोडलं, पडदे कधी बदलणार. आमच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

नवव्या तुकड्यात कॅप निघाली. सफरचंदाच्या फोडीला चिकटून, सोनेरी रंगाची, छान खरपूस. साडूने ती उजेडात धरून सगळीकडून पाहिली. “एक ओरखडा नाही,” तो म्हणाला. आवाजात अभिमान होता. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

सोमवारी त्याने मला नवी कॅप बसवली. या वेळी माप तीन वेळा घेतलं. ती हलत नाही.

त्याच दुपारी तीनला आमच्याकडचा फोन वाजला आणि तासभर चालला. संध्याकाळी मी बूट काढले तरी कुणी माझ्या अंगावर आलं नाही. उलट बायको म्हणाली, “अहो, ताईचा निरोप आहे. डॉक्टरांना तुमच्या त्या फळांची कृती हवीय. अगदी सविस्तर. प्रमाणासकट.”

आता बोला! मी काहीच दाखवलं नाही. फक्त म्हणालो, “देऊ की.” जेवण झाल्यावर चांगला जाड कागद घेतला, ठळक अक्षरात मथळा दिला, मैद्यापासून दुसऱ्या तळणापर्यंत सगळे टप्पे लिहिले, पीठ चमचा उभा राहीपर्यंत घट्ट असावं, या ओळीखाली रेघ मारली आणि खाली झोकदार सही ठोकली. सहीखाली हुद्दाही लिहिला. हुद्द्याने वजन येतं.

पंधरा दिवसांनी कॅप दाखवायला दवाखान्यात गेलो. बाहेर आठ-दहा पेशंट बसले होते आणि सगळे समोरच्या भिंतीकडे बघत होते. मीही बघितलं. माझा कागद, माझं अक्षर, माझी सही, सगळं काचेच्या सुंदर फ्रेममध्ये लावलं होतं. छाती फुगवून मी जवळ गेलो, तेव्हा वरच्या पट्टीवर साडूने लाल शाईने लिहिलेली ओळ दिसली: ‘दात टिकवायचे असतील तर हे कधीही खाऊ नका.’

शेजारचे गृहस्थ गाल धरून सहीकडे वाकून बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लिफ्ट तपासनीस आहे म्हणे हा माणूस. आजपासून जिन्याने जातो बुवा.”